राऊत सरांच्या जीपची सहा भोकं

बत्तीस वर्षं लोक माझ्याशी बोलले ते माझ्या पायांकडे बघत. विरार पूर्वेला मनवेलपाड्यात माझं गॅरेज होतं आणि दिवसाचा बराचसा वेळ मी कुठल्या तरी गाडीखाली उताणा पडलेला असायचो. गिऱ्हाईक वर उभं राहून गाडीचं कौतुक करायचं, मी खालून हो-हो म्हणायचो. त्यामुळे आमच्या भागातल्या कित्येक प्रतिष्ठित माणसांना मी चेहऱ्यावरून कमी आणि चपलांवरून जास्त ओळखतो.

इंजिनाचं काम सगळेच करतात. माझं नाव होतं ते गंजासाठी, तेही जुन्या जीपगाड्यांच्या. गंज काढायचा आणि पुन्हा येऊ नये याचा बंदोबस्त करायचा. माझे वडील जूचंद्रच्या मिठागरात कामाला होते. त्यांनी जन्मभर मीठ पिकवलं आणि मी जन्मभर मिठाने खाल्लेले पत्रे कापले. घरी आम्ही एकमेकांच्या धंद्याबद्दल फारसं बोलत नसू.

ज्यांचा गाड्यांशी संबंध फक्त बसण्यापुरता आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. जुन्या जीपचा वरचा डबा उचलून बाजूला ठेवला तर खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा उरतो. ती चेसिस. इंजिन, चाकं, माणसं, सगळ्यांचा भार तिच्यावर. या शिडीच्या दोन लांब बाजू आतून पोकळ असतात. बाहेरून गंज लागला तर तो दिसतो, ब्रशने घासता येतो. आतून लागला तर कळत नाही. पाणी आत शिरतंच. म्हणून गाडी बनवणाऱ्यांनी त्या पोकळ बाजूंच्या तळाला भोकं ठेवलेली असतात, करंगळी जाईल एवढी. आत गेलेलं पाणी तिथून गळून जातं.

गंजाचा बंदोबस्त म्हणजे धुणं, वाळवणं, घासणं, लाल प्रायमर मारणं आणि सगळ्यात शेवटी काळं रबरासारखं कोटिंग. यातलं वाळवणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि गिऱ्हाईकाला नेमकं तेवढंच दिसत नाही. कोटिंग मात्र दिसतं. चार दिवस गाडी नुसती उन्हात उभी ठेवली तर लोक म्हणायचे, मेस्त्री काम करत नाही. दोन तासांत काळं कोटिंग मारलं की म्हणायचे, काय हात आहे. अशा कौतुकाने माणूस बिघडतो. मीही बिघडलो.

गिऱ्हाइकंही नाना प्रकारची. एका टॉवरमध्ये राहणारा तरुण दर सोमवारी सकाळी गाडी दाखवायला आणायचा, पण धुवायची नाही अशी सक्त ताकीद असे. रविवारी कुठल्या तरी डोंगरात जाऊन मिळवलेला चिखल त्याला ऑफिसच्या पार्किंगमध्ये दाखवायचा असायचा. मी चिखल राखून काम करायला शिकलो. राऊत सर याच्या अगदी उलट टोकाचे होते.

सर सांडोरचे. वाडवडिलांची केळीची वाडी, स्वतः हायस्कूलमध्ये भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे डिझेलवर चालणारी जुनी जीप होती, हिरव्या रंगाची. निवृत्तीनंतर काकूंना घेऊन जिल्ह्यातला प्रत्येक डोंगर आणि प्रत्येक नदी बघायची म्हणून त्यांनी ती नीट करायला घेतली, आणि नीट करण्यातच राहिले. कधी रस्ते ओले असायचे, कधी धूळ फार असायची. आधी गाडी पूर्ण तयार होऊ दे, मग निघू, असं ते काकूंना सांगत. गाडीसाठी त्यांनी वाडीत शेड बांधली, खाली लादी टाकली, बाजूंना ताडपत्रीचे पडदे लावले. दर रविवारी ते जीप विहिरीच्या पाण्याने पंप लावून खालून-वरून धूत आणि पडदे ओढून घेत. निवृत्तीनंतरच्या आठ वर्षांत तिने जे काही अंतर कापलं ते सांडोर ते माझं गॅरेज आणि परत.

जीप पहिल्यांदा कोटिंगला आली तेव्हा सर स्वतः खाली वाकून उभे राहिले. पांढराशुभ्र शर्ट, हातात टॉर्च. मी कोटिंग मारत पुढे सरकत होतो. चेसिसच्या तळाला सहा भोकं होती, प्रत्येक बाजूला तीन. त्यातून आतलं धुण्याचं पाणी अजून ठिबकत होतं, आणि जिथे ठिबकायचं तिथे माझ्या कोटिंगवर ओघळ उठायचे. सरांनी टॉर्च मारून तो डाग दाखवला. दुसरा दाखवला. शाळेत वहीवर शाईचा डाग पडल्यावर मुलाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं असणार. मला त्यांच्या फक्त कोल्हापुरी दिसत होत्या.

तेव्हा मी म्हणायला हवं होतं की सर, गाडी दोन दिवस वाळू द्या. त्याऐवजी मी सहाच्या सहा भोकं पत्र्याचे सांधे भरायच्या घट्ट मसाल्याने बुजवली आणि वरून काळं फिरवलं. सगळं एकसारखं, गुळगुळीत, चकचकीत दिसायला लागलं. सर खूश झाले. त्यांनी मला तिथेच फर्स्टक्लास दिला.

पुढची सहा वर्षं ते दर उन्हाळ्यात यायचे आणि मी दर उन्हाळ्यात जुन्या कोटिंगवर नवीन कोटिंग मारायचो. एकदाही चेसिसवर हातोडी मारून बघितली नाही. आमच्या धंद्यात खरी तपासणी तीच असते. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं नुसतं भद्द करतं. पण हातोडीने कोटिंगवर वण उठतो, आणि वण सरांना चालला नसता.

त्याच काळात माझ्याकडे आणखी एक जीप यायची, पाचूबंदरच्या आग्नेसबायची. बाय मासळीच्या धंद्यातली, तेव्हा साठीच्या जवळ आलेली. बोटी लागल्या की ती स्वतः जीप वाळूत उतरवायची, चाकं अर्धी बुडेपर्यंत पाण्यात न्यायची आणि मासळीचे क्रेट भरून वर आणायची. त्या गाडीचा पत्रा नावापुरता उरला होता. मागे लाकडी फळ्या होत्या, दरवाजे कधीच गेले होते, आणि ती गॅरेजात उभी राहिली की गल्लीतली सगळी मांजरं जमायची. मी कोटिंगचं सुचवलं की बाय म्हणायची, नको, त्याच्याखाली काय चाललंय ते दिसत नाय. मला ते अडाणीपणाचं वाटायचं.

मग काकूंच्या बहिणीचं पत्र आलं. ही धाकटी बहीण जव्हारच्या पुढे एका पाड्यावरच्या शाळेत शिकवत होती आणि आता निवृत्त होणार होती. शनिवारी निरोपाचा कार्यक्रम. बहीण वीस वर्षं बोलावत होती आणि वीस वर्षं काही ना काही कारणाने जमत नव्हतं. शेवटचा रस्ता उखडलेला, मध्ये ओढा, साधी गाडी तिथे जात नाही. काकूंनी सरांना विचारलं की मग ही जीप कशासाठी आहे. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी सर जीप घेऊन माझ्याकडे आले. घाट चढायचा आहे, मागचे पाटे तेवढे बघून घे, म्हणाले. पाटे म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या.

सर पुढची काच पुसत होते. मी मागे चेसिसखाली जॅक लावला आणि दांडा मारू लागलो. गाडी वर उचलली गेली नाही. जॅकच वर जात होता, पावात बोट रुतावं तसा चेसिसमध्ये रुतत होता. मग काळं कोटिंग फाटलं आणि ग्लासभर तांबडं पाणी माझ्या मनगटावरून खाली गेलं. त्याबरोबर लोखंडाचे पापुद्रे, सुकलेल्या पानांसारखे.

मी जॅक हळूच सोडवला. सरांना म्हटलं, पाट्यांचं काम मोठं आहे, गाडी राहू द्या. ते रिक्षाने गेले.

आग्नेसबाय तेव्हा ब्रेकच्या कामासाठी येऊन स्टुलावर बसली होती. तिने सगळं पाहिलं होतं. ती उठली, वाकली आणि फाटलेल्या जागी बोट घातलं. बोट आतपर्यंत गेलं. मला विचारलं, भोकं कुठं गेली. मी सांगितलं. सहा वर्षं दर रविवारी विहिरीचं मचूळ पाणी आत जात होतं आणि बाहेर पडायला मी वाट ठेवली नव्हती. मग मी हातोडी घेऊन तिच्या मोडक्या जीपच्या चेसिसवर मारली. देवळातल्या घंटेसारखा आवाज आला. बाय म्हणाली, तिच्यात काय जादू नाय. खाऱ्या पान्यातून वर आली की रोज नळाचं पानी मारायचं, भोकात तार घालून बघायची, आनि जळकं ऑइल चोपडायचं. आनि तिला एका जागी बसू द्यायची नाय.

मी तिला माझा बेत सांगितला. फाटलेल्या जागी आतबाहेर पट्टी वेल्ड करायची, वर कोटिंग मारायचं. जाऊन येण्यापुरतं टिकेल. नंतर सावकाश बघू.

बाय हात पुसत म्हणाली, "मेस्त्री, बोटीची फळी कुजली तर आमच्यात पन डांबर लावून झाकता येते. जो झाकतो त्याला परत कोनी बोटीला हात लावू देत नाय. बायकोला घाटात घेऊन जानार हाय तो मास्तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांडोरला गेलो. काकूंनी चहा केला. मी ओटीवर बसलो आणि सरांना सगळं सांगितलं. चेसिस आतून संपली आहे, घाटात उतारावर ब्रेक मारला तर मागची बाजू मोडून वेगळी होईल, आणि हे भोकं बुजवल्यामुळे झालं, ती मीच बुजवली. इतकी वर्षं मनात न आलेली गोष्ट एका दमात बोलून टाकल्यावर मला वाटलं, आता सर ओरडतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो.

सर ओरडले नाहीत. वाडीकडे बघत त्यांनी विचारलं, "पण बाहेरून दिसत नाही ना?"

मला आधी कळलंच नाही. त्यांनी पुढे व्यवस्थित मुद्देसूद सांगितलं. पट्टी मारायची, वरून कोटिंग करायचं, ते गाडी हळू चालवतील, रविवारी परत येतील, मग पुढचं पुढे. हा माझाच बेत होता, शब्द न् शब्द. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तो किती वाईट आहे ते कळलं. मी म्हटलं, ते मी करणार नाही.

सर म्हणाले, "सहा वर्षं लावलंस ना? मग अजून एकदा लाव."

ते खरंच होतं.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी रिकामी कपबशी उचलली आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही दोघं त्या गाडीला काळं फासत बसा. मला शनिवारी जायचंय."

परत आल्याबरोबर मी सरांच्या जीपची मागची चाकं आणि पाटे काढून ठेवले. दुसऱ्या दिवशी सर गाडी न्यायला आले. मला वाटतं, दुसरा एखादा मेस्त्री त्यांनी गाठला होता. विटांवर उभी असलेली जीप त्यांनी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेले. काम मुद्दाम अर्धवट सोडण्याची माझ्या आयुष्यातली ती एकच वेळ, आणि त्या महिन्यात मी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. सरांशी काय बोलणं झालं त्याची चौकशी नाही. आदल्या दिवशी ओटीवर मी बोलण्याच्या ओघात आग्नेसबायच्या जीपचा उल्लेख केला होता, तेवढा त्यांनी पकडून ठेवला होता. ती गाडी मिळेल का, एवढंच विचारलं. मी बायला विचारलं. बोटी बाहेर गेल्या होत्या, रविवारपर्यंत येणार नव्हत्या. बाय म्हणाली, गाडी देते, पन चालवनार मी. मग मीही येतो म्हटलं. गाडी बायची असली तरी धास्ती माझी होती.

शनिवारी पहाटे आम्ही सांडोरला पोचलो. बायने जीप तीनदा धुतली होती, फळ्यांवर गोधडी अंथरली होती, समोर क्रूसाजवळ मोगऱ्याचा गजरा लावला होता. तरी बोंबलाचा वास तो बोंबलाचाच. काकू नऊवारी आवरून बायच्या शेजारी चढून बसल्या, बहिणीसाठी आणलेला केळ्यांचा घड पायाशी ठेवला. सर इस्त्रीच्या शर्टात ओटीवर उभे होते. कुणीच त्यांना या म्हटलं नाही. बायने गाडी सुरू केली. तेव्हा ते खाली आले, नाकाला रुमाल लावला आणि मागे माझ्यासमोर फळीवर बसले.

मनोर येईपर्यंत रुमाल नाकावरच होता. विक्रमगड मागे पडल्यावर त्यांनी रुमाल खिशात ठेवला. वासाची सवय झाली असेल किंवा हात दुखला असेल. घाटात एका वळणावर ते पुढे वाकून बायला विचारू लागले की चेसिसला ती काय लावते, किती दिवसांनी, भोकात तार कितपत जाडीची घालते. बाय रस्त्यावरची नजर न काढता उत्तरं देत होती. सर मान डोलावत होते. ज्या माणसाने माझ्याकडून टॉर्च लावून हिशोबाने काम करून घेतलं होतं, तो एका मासळीवालीकडे पहिल्या बाकावरच्या मुलासारखा शिकत होता. मी बाहेर बघत राहिलो.

शेवटच्या ओढ्यात पाणी गुडघाभर होतं. बायने गाडी थांबवलीसुद्धा नाही. पाणी फळ्यांमधून वर आलं, सरांची पँट भिजली, एका दगडावर मागचं चाक चढून धाडकन खाली आलं. माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा ती दुसरी चेसिस होती. सरांच्याही असावी, कारण त्यांनी माझ्या दंडाला गच्च धरलं आणि पलीकडच्या काठावर पोचेपर्यंत सोडलं नाही.

शाळेच्या अंगणात काकूंची बहीण पळत आली. दोघी बहिणी एकमेकींना धरून रडल्या, मग हसल्या. नंतर तिने त्या गाडीकडे पाहून विचारलं, भाऊजी, इतकी वर्षं जिच्याबद्दल ऐकते ती जीप हीच का. सर म्हणाले, "नाही. आमची आजारी आहे."

सोमवारी सर बसने माझ्या गॅरेजवर आले. टायरवर बसले आणि म्हणाले, सगळं खरवडून काढ, मला बघायचंय. तीन दिवस आम्ही कोटिंग खरवडत होतो, त्यांनी स्वतःही पटाशी हातात घेतली. सहा थर निघाले. खाली सहा वर्षांपूर्वीचं माझं गुळगुळीत काम जसंच्या तसं होतं, आणि त्याच्या आत लोखंड जवळजवळ नव्हतं. मी पुन्हा एकदा म्हटलं, सर, ही भोकं मी बुजवायला नको होती.

त्यांनी पटाशी खाली ठेवली. म्हणाले, "दत्ता, दोष तुझा एकट्याचा नाही. बुजवू का म्हणून तू विचारलं होतंस. मीच हो म्हटलं. डाग दिसत होते म्हणून."

ते अगदी खात्रीने बोलत होते. मी हातातल्या ब्रशकडे बघत राहिलो आणि हुं केलं.

दोन महिने लागले. चेसिसच्या दोन्ही बाजू नव्याने बनवून घेतल्या, सहाची सहा भोकं पाडली, काळं कोटिंग मारलं नाही. सर आता ती रोज वाडीच्या कामाला वापरतात. केळीच्या चिकाचे डाग सीटवर पडलेत, एक दरवाजा चेपलाय, आणि दोनदा तरी ते काकूंना घेऊन जव्हारला जाऊन आले. मला भेटले की हटकून ती आठवण काढतात, आणि लोकांना सांगतात, या माणसाने त्या वेळी मला विचारलं होतं, पण मीच ऐकलं नाही. माझं नाव त्यामुळे वाढलं. गॅरेज बंद केलं त्या दिवशी चार माणसांसमोर त्यांनी माझा सत्कारही केला, त्यातही तोच किस्सा सांगितला. मी हार घालून घेतला.

सर दिवाळीचे अंक पेन्सिल घेऊन वाचतात. शुद्धलेखनाच्या चुकांवर खुणा करतात, समासात गुण देतात. हा अंकही त्यांच्याकडे जाईल. माझे ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी खुशाल तपासावेत. ते झाल्यावर एवढं वाचावं.

सर, मी विचारलं नव्हतं.